दुसरी सही

बेलापूरच्या मतदाराला किती वेळा बोटाला शाई लावून घ्यावी लागते ते मोजून पाहा. लोकसभेला शिर्डी, विधानसभेला श्रीरामपूर, मग जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि शेवटी ग्रामपंचायत. विकास सोसायटी आणि साखर कारखान्याचा सभासद असेल तर त्या निवडणुका वेगळ्याच. यातल्या प्रत्येक प्रचारात पैसा असतो. कुणी निधी 'आणलेला' असतो, कुणी 'खेचून आणलेला' असतो, कुणाच्या फ्लेक्सवर कोटींचे आकडे माणसाच्या चेहऱ्यापेक्षा मोठे असतात. पण सरकारी पैशाच्या देयकावर स्वतःची सही करून तो पैसा खात्यातून बाहेर काढणारा माणूस या सगळ्यांत एकच असतो. तो म्हणजे सरपंच.

खासदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारालाही आता तेवढाच. पण दोघंही फक्त काम सुचवतात. मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयातून फिरतात. 'आमदार निधीतून' अशी पाटी लागलेल्या सभामंडपाच्या बिलावर आमदाराची सही शोधायला गेलात तर ती सापडणार नाही. शेजारच्या श्रीरामपूर नगरपालिकेचा नगराध्यक्ष लोकांमधून निवडून येतो, पण पालिकेच्या रोजच्या कारभाराची सूत्रं मुख्याधिकाऱ्याकडे असतात. राज्याचा अर्थमंत्री लाखो कोटींचा अर्थसंकल्प मांडतो, पण त्यातला एक रुपयाही स्वतःच्या सहीने कोषागारातून काढू शकत नाही. गावात मात्र मत ज्याला दिलं त्याचीच सही लागते, आणि तीही एकट्याची चालत नाही. तिच्या शेजारी ग्रामसेवकाची सही असावीच लागते.

आता गावाविषयी. बाहेरच्या माणसाला बेलापूर म्हटलं की नवी मुंबईतलं बेलापूर आठवतं. आपलं बेलापूर प्रवरेच्या काठचं, जुन्या पेठेचं. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि स्थानकाला नाव बेलापूरचंच मिळालं. स्थानकाभोवती मात्र पुढे श्रीरामपूर शहर वाढलं. आजही श्रीरामपूरला उतरणारा प्रवासी 'बेलापूर'च्या फलाटावरच उतरतो. पहिल्या महायुद्धानंतर इथे ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली बेलापूर साखर कंपनी आली आणि हरिगावला तिचा कारखाना उभा राहिला. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे बारमाही वाहू लागले आणि या मुलखात ऊस व पैसा दोन्ही आले. उसाच्या हिशेबावर पिढ्यान्‌पिढ्या भांडलेला हा भाग आहे. 'काटा मारला' या दोन शब्दांचा अर्थ इथल्या शाळकरी पोरालाही सांगावा लागत नाही.

हिशेबाच्या दोन सह्या ही या मातीत नवी गोष्ट नाही. मराठी गावगाड्यात पाटील आणि कुलकर्णी ही जोडी होती. अधिकार पाटलाचा, दप्तर कुलकर्ण्याचं. कागदाचा मजकूर कुलकर्णी लिही आणि खाली पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. नांगराशिवाय कागद अपुरा, आणि कुलकर्ण्याच्या हातच्या मजकुराशिवाय नुसत्या नांगराला काही अर्थ नाही. दोघंही वतनदार, म्हणून गावाने निवडलेले नव्हेत. दोघांचं संगनमत झालं तर रयतेने जायचं कुठे, याला त्या व्यवस्थेत धड उत्तर नव्हतं. वरच्या पातळीवरही तीच रीत होती. शिवकाळात जमाखर्च पाहणारा अमात्य, म्हणजे मुजुमदार, एक आणि प्रत्यक्ष नाणं सांभाळणारा पोतनीस दुसरा. पेशवाईत फडणीशीचं प्रस्थ वाढलं, तेही हिशेब लिहिणाऱ्याच्या हातात खरी सत्ता असते म्हणूनच. कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्याने गेलं, पाटीलकी साठच्या दशकात गेली. मधल्या काळात, 1958 साली, ग्रामपंचायतीचा कायदा आला. त्यात नांगराची जागा सरपंचाच्या सहीने घेतली आणि कुलकर्ण्याची जागा ग्रामसेवकाने. फरक एवढाच, आणि तो मोठा, की नांगर काढणारा आता मत मागून येतो.

आपल्या जिल्ह्याला, म्हणजे जुन्या नगरला, ज्यांचं नाव 2024 मध्ये दिलं गेलं त्या अहिल्याबाई होळकरांचा दाखला इथे द्यायलाच हवा. होळकरांच्या दौलतीत सरकारी खजिना वेगळा आणि राणीची खासगी वेगळी असे. काशीपासून रामेश्वरपर्यंतची देवळं, घाट आणि धर्मशाळा यांवरचा त्यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून झाला. थैल्या वेगळ्या ठेवण्याची ही शिस्त त्यांच्या पुतळ्यापेक्षा आपल्याला जास्त उपयोगी पडेल, पण पुतळा उभारणं सोपं असतं.

ग्रामपंचायतीची थैली म्हणजे ग्रामनिधी. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर, आठवडे बाजाराचा लिलाव, गाळ्यांचं भाडं आणि शासनाची अनुदानं हे सगळं त्यात येतं. त्याचा हिशेब कसा ठेवायचा हे 2011 च्या लेखा संहितेत ठरवून दिलं आहे. त्यासाठी एकूण 33 नमुने आहेत. गावात 'नमुना 8 चा उतारा' सगळ्यांना ठाऊक असतो, कारण कर्ज, वीजजोडणी, घरकुल सगळीकडे तो मागतात. ती कर आकारणीची वही. नमुना 9 ही मागणीची वही, म्हणजे कुणाकडून किती येणं आहे ते. नमुना 10 ही कराची पावती. आणि नमुना 5 ही रोकडवही. ती फारसं कुणी मागत नाही, पण सगळी गोम तिच्यातच असते.

रोकडवहीचं पान डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च असं असतं. वर आरंभीची शिल्लक, खाली अखेरची शिल्लक, त्यातही बँकेत किती आणि हातात किती. या 'हाती शिल्लक'वर बोट ठेवायला शिका. समजा, जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही घरपट्टी भरली आणि नमुना 10 ची पावती घेतली. पावतीच्या स्थळप्रतीवर जूनची तारीख आहे, पण बँकेतला भरणा ऑगस्टचा आहे. मधले दोन महिने ते पैसे कुठे होते? लेखापरीक्षकांच्या भाषेत याला 'तात्पुरता अपहार' म्हणतात. पैसे शेवटी भरले म्हणून तात्पुरता, पण अपहार तो अपहारच. भरलेच नाहीत तर 'कायम अपहार', आणि कागद हाती लागत नसतील तर 'संशयित अपहार'. मराठी दप्तराइतकी नेमकी आणि निर्विकार भाषा दुसरीकडे क्वचित सापडेल.

खर्चाची बाजू आणखी लांबलचक आहे. गाव विकास आराखड्यात काम यावं लागतं, मासिक सभेचा ठराव लागतो, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता. काम झालं की अभियंता येऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, मूल्यांकन देतो, आणि त्यानंतर बिल. पूर्वी इथे चेकबुक निघायचं. कोऱ्या चेकवर आगाऊ सह्या करून ठेवणारे सरपंच असायचे, आणि सही न मिळाल्यामुळे महिनोन्‌महिने रखडलेल्या पाणीयोजनाही असायच्या. आता वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज प्रणालीतून जातो. ग्रामसेवक आपली डिजिटल स्वाक्षरी लावून देयक पुढे पाठवतो, सरपंच आपली लावून मंजूर करतो आणि रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात जमा होते. ग्रामसेवकाचं पदनाम 2024 मध्ये बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं, पण गाव अजून त्याला भाऊसाहेबच म्हणतं.

ही डिजिटल स्वाक्षरी म्हणजे पेनड्राइव्हसारखी बोटभर वस्तू. तिच्यावर पासवर्ड असतो. कायद्याने ती सरपंचाच्या ताब्यात असायला हवी. प्रत्यक्षात ती अनेक गावांत संगणक चालवणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असते, रबरी शिक्के, शाईची पॅड आणि चार्जर यांच्या शेजारी. दोन्ही स्वाक्षऱ्या एकाच ड्रॉवरमध्ये, आणि पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे. 2011 पासून पंचायतींत महिलांना निम्म्या जागा आल्या. त्यानंतर ज्या गावांत सरपंचबाईंचे 'साहेब' कारभार पाहतात तिथे ती वस्तू साहेबांच्या खिशात असते. फोनवर आलेला ओटीपी बाई घरातून वाचून दाखवतात. निवडून आलेल्या माणसाची सही हवी, या साऱ्या तत्त्वाचा निकाल त्या ड्रॉवरात लागतो. सरपंचबाईंनी स्वाक्षरी मागून घेतली, पासवर्ड बदलला आणि देयक उघडून वाचल्याखेरीज बटण दाबायचं नाही असं ठरवलं, तर गावात काय गडबड उडते ते अशा एखाद्या गावात जाऊन पाहण्यासारखं आहे.

सरपंच थेट लोकांनी निवडावा की सदस्यांनी, यावर महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत जी धरसोड केली तिला तोड नाही. 2017 मध्ये फडणवीस सरकारने थेट निवड आणली. 2020 मध्ये महाविकास आघाडीने ती रद्द केली. 2022 मध्ये शिंदे सरकारने परत आणली. त्यामुळे तुमच्या गावाची निवडणूक कुठल्या साली पडली यावर तुमचा सरपंच कुणाला जबाबदार हे ठरलं. जानेवारी 2021 मध्ये राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक गावांत मतदान झालं, तिथे सरपंच सदस्यांनी निवडला. त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावात वेळापत्रक वेगळं असल्यामुळे तो थेट लोकांनी निवडला. थेट निवडलेल्या सरपंचाला हटवायचं तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि मग तो ठराव ग्रामसभेत गुप्त मतदानाने टिकावा लागतो.

माझं मत थेट निवडीच्या बाजूचं आहे, पण काठावरचं. सदस्यांनी निवडलेला सरपंच म्हणजे बहुतेक गावांत फिरतं पद. अडीच वर्षं याची, अडीच वर्षं त्याची, आणि सहलीला नेलेले सदस्य. अशा सरपंचाच्या सहीवर गटाचा ताबा असतो. थेट निवडलेल्याला निदान गावाकडून आलेलं बळ असतं. पण सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की मासिक सभेत ठराव अडतात, बिलं अडतात, आणि या भांडणात कारभार आपोआप तिसऱ्याच्या हाती, म्हणजे भाऊसाहेबांच्या हाती जातो. निवडून आलेली दोन्ही माणसं बाजूला आणि बदली होऊन आलेला कर्मचारी मालक, हा प्रकार नगर जिल्ह्याला नवा नाही.

राज्याच्या पातळीवर आपण उलटा मार्ग घेतला. अर्थमंत्री निवडून येतो आमदार म्हणून, खातं देतो मुख्यमंत्री. मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी विधानसभेत मांडलेला अर्थसंकल्प 7 लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला, आणि त्यात महसुली तूट जवळपास 46 हजार कोटींची होती. तो त्यांचा अकरावा अर्थसंकल्प. तेरा अर्थसंकल्पांचा विक्रम शेषराव वानखेडे यांचा, ज्यांचं नाव आज क्रिकेटच्या मैदानामुळे लोकांच्या तोंडी आहे. आपल्या तालुक्यानेही राज्याला अर्थमंत्री दिला आहे. बॅरिस्टर रामराव आदिक श्रीरामपूर तालुक्यातले. ते वसंतदादांच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री होते आणि पुढे सुधाकरराव नाईकांच्या काळात अर्थखातं त्यांच्याकडे होतं. लोणीचे बाळासाहेब विखे पाटील वाजपेयी सरकारात केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले. म्हणजे प्रवरेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांनी राज्याच्या आणि देशाच्या हिशेबाच्या खुर्च्यांवर बसून पाहिलं आहे.

पण ती खुर्ची म्हणजे तिजोरी नव्हे. राज्यघटनेने पैसा अडवण्यासाठी एकामागून एक दरवाजे ठेवले आहेत. वार्षिक विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवायचं, मागण्यांवर मत घ्यायचं, विनियोजनाचा कायदा करायचा, त्याशिवाय एकत्रित निधीतून दमडी काढता येत नाही. त्यानंतर रक्कम खात्यांना वाटली जाते. खात्यातला आहरण व संवितरण अधिकारी देयक तयार करतो, कोषागार ते तपासतं आणि चूक दिसली तर 'आक्षेप' लावून परत पाठवतं. निवृत्त शिक्षकाला पेन्शनच्या फायलीवरचा आक्षेप म्हणजे काय हे विचारा, ते चहा सांगतील आणि मग बोलायला लागतील. मार्चअखेरीला कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात, कारण न खर्चलेली तरतूद 31 तारखेला मरते. खर्च झाल्यावर हिशेब महालेखापालांकडे, त्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल, आणि तो विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे. हा नियंत्रक निवडलेला नसतो, राष्ट्रपती त्याला नेमतात, आणि सरकारला त्याला सहज काढता येऊ नये अशी तजवीज घटनेने केली आहे.

कोषागारातल्या लोखंडी खोलीचा एक जुना नियम मला फार आवडतो. मुद्रांक आणि मौल्यवान वस्तू जिथे ठेवतात तिथे दुहेरी कुलूप असतं. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं. एक गैरहजर असला तर दार उघडत नाही. परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटंही याच दाराआड असतात. या रचनेत कुणाच्याही चारित्र्यावर विश्वास ठेवलेला नाही, आणि म्हणूनच ती विश्वासार्ह आहे.

अमेरिकेत याहून निराळा प्रयोग जुना आहे. तिथल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त राज्यांत राज्याचा खजिनदार लोक थेट मतदानाने निवडतात. गव्हर्नर एका पक्षाचा आणि खजिनदार दुसऱ्या पक्षाचा असू शकतो. काही राज्यांत त्याशिवाय हिशेब तपासून पैसे सोडणारा नियंत्रकही निवडून येतो. राज्याची रोकड, गुंतवणूक, कर्मचाऱ्यांचे पेन्शन फंड, बेवारस बँक खात्यांतला पैसा असं बरंच काही त्यांच्याकडे असतं. कल्पना मोहक आहे. ज्याच्या हाती किल्ली त्याला मत आपणच द्यायचं.

या कल्पनेचं काय होतं ते इलिनॉय राज्याने दाखवून दिलं. 1956 साली तिथला सार्वजनिक हिशेबांचा लेखापरीक्षक ऑर्व्हिल हॉज पकडला गेला. तो लोकांनी निवडलेला होता, लोकप्रिय होता, पुढच्या गव्हर्नरपदासाठी त्याचं नाव घेतलं जात होतं. त्याने बनावट धनादेश काढून राज्याचे पंधरा लाखांहून जास्त डॉलर लाटले होते. मोटारी घेतल्या, खासगी विमानं घेतली. हे सगळं शिकागोच्या एका दैनिकाच्या वार्ताहराने बाहेर काढलं. हॉजला हे जमलं कसं? उत्तर साधं होतं. धनादेश काढणारं कार्यालय आणि ते तपासणारं कार्यालय एकच होतं, आणि दोन्हींचा प्रमुख तोच. मतदारांनी त्याला प्रेमाने दोन्ही किल्ल्या दिल्या होत्या. पुढे 1970 च्या नव्या राज्यघटनेत इलिनॉयने हे काम तोडलं. पैसे सोडण्याचा आदेश देणारा नियंत्रक निवडलेला, रोकड सांभाळणारा खजिनदार निवडलेला पण वेगळा, आणि तपासणारा महालेखापरीक्षक विधिमंडळाने नेमलेला.

या तोडणीचा उपयोगही त्याच राज्यात दिसला. 2015 ते 2017 मध्ये गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या भांडणात दोन वर्षांहून अधिक काळ इलिनॉयला अर्थसंकल्पच नव्हता. थकलेली बिलं पुढे 16 अब्ज डॉलरच्या वर गेली. शाळांचे, रुग्णालयांचे, वृद्धाश्रमांचे पैसे कुठल्या क्रमाने द्यायचे हे तेव्हा निवडून आलेल्या नियंत्रक सुझाना मेंडोझा यांना ठरवावं लागलं, आणि रोज किती थकबाकी आहे हा आकडा त्या उघडपणे जाहीर करत राहिल्या. गव्हर्नरची मर्जी सांभाळायची गरज नसलेल्या माणसालाच हे जमतं. उलट टेक्सासने 1996 मध्ये आणि मिनेसोटाने 2003 पासून खजिनदाराचं पद बंद करून टाकलं, कामं दुसऱ्यांकडे दिली. विस्कॉन्सिनमध्ये 2018 साली हाच प्रश्न मतदारांपुढे आला, तेव्हा त्यांनी पद राहू द्या असं सांगितलं. म्हणजे ज्यांनी हा प्रयोग सव्वाशे-दीडशे वर्षं केला त्यांचाही अजून एकमताने निकाल लागलेला नाही.

आपल्याकडे या वेगळ्या किल्लीची गरज काय, असं म्हणणाऱ्यांनी नगर शहराकडे पाहावं. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक 1910 सालची. संचालक मंडळ सभासदांनी निवडलेलं, वार्षिक सभा होत होत्या, अहवाल छापले जात होते. 4 ऑक्टोबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ठेवीदारांना विम्याचं संरक्षण 5 लाखांपर्यंत. ज्यांनी निवृत्तीचा सगळा पैसा तिथे ठेवला होता त्यांना पाच लाखांच्या वरच्या रकमेसाठी अवसायकाच्या दारात उभं राहावं लागलं. कुणाचा दोष किती हे न्यायालयं ठरवतील. पण मतपेटी होती, हे नाकारता येणार नाही. मतपेटीतून आलेल्या माणसाचा हिशेब वेळेत वाचणारा कुणी नव्हता.

याच जिल्ह्याने त्याउलटचं उदाहरणही घडवलं आहे. 1950 मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ होते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला शेतकऱ्यांनी आपल्या कारखान्याच्या प्रमुखपदी बसवलं यातच बरंच आलं. त्या काळी मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता होते. अर्थमंत्रालय आणि सहकार एकाच माणसाच्या हाती असल्याचा कारखान्याला फायदा झाला. विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करत, आणि ज्याने दहा रुपये दिले तो हिशेब विचारी. तो विचारत होता म्हणून हिशेब ठेवला गेला.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात 1989 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढे तिथे पावसाचाही ताळेबंद मांडू लागले. किती पडला, किती मुरला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलेल्यात कुठलं पीक परवडेल हे ग्रामसभा ठरवते, आणि ऊस-केळीला तिथे परवानगी नाही. उसाच्या पट्ट्यात बसून हे वाक्य लिहिताना मला थोडं हसू येतं. आपल्याकडे पाण्याचा हिशेब मागितला तर रक्त सांडेल. पण पाण्याचा हिशेब जमलेल्या गावाला पैशाचा जमतो, कारण सवय एकच आहे, आकडा सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिण्याची. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी जी उपोषणं केली त्यांच्यामुळे केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधीच महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा झाला. तोही याच जिल्ह्याचा वारसा.

निवडणूक निरुपयोगी आहे असं यातून कुणी काढू नये. मार्च 2022 मध्ये नगरच्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासक बसले. अधिकारी ठराव मांडणार, अधिकारीच मंजूर करणार, अधिकारीच खर्च करणार. दोन्ही किल्ल्या पुन्हा एका जुडग्यात. वित्त आयोगाच्या अटीनुसार निवडून आलेली सभा असावी लागते, म्हणून या संस्थांच्या वाट्याचे हप्ते अडले. निवडून आलेला माणूस हवाच. तो एकटा पुरत नाही, एवढंच.

पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या पैशातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, 40 टक्के गावाच्या मर्जीचा. राज्यातल्या वाटणीत त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतीला मिळत होते, उरलेल्यात पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. म्हणजे गावच्या सरपंचाची सही आज पूर्वी कधी नव्हती इतकी महाग झाली आहे. त्याचं मानधन 2024 मध्ये दुप्पट झालं, तरी आठ हजारांवर वस्तीच्या गावात ते महिना 10 हजार रुपये आहे. लाखोंच्या देयकांवर सही करणाऱ्याला एवढं, आणि चुकीची सही झाली तर वसुली त्याच्या खिशातून. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अधिकारी 'शक', म्हणजे लेखी आक्षेप, काढतात, ग्रामपंचायतीने त्यांचं अनुपालन द्यायचं असतं. कित्येक पंचायतींच्या कपाटात दहा-दहा वर्षांचे शक अनुपालनाविना पडून असतात. ते काढणारे निवृत्त होतात, ज्यांच्यावर काढले ते पुढच्या निवडणुकीला उभे राहतात.

बेलापूर असो की शेजारचं कुठलंही गाव, वाचकांना एकच विनंती आहे. दिवाळी झाली की पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचे दिवस येतात, आणि 26 जानेवारीला ग्रामसभा असते. झेंडावंदन करून घरी जाऊ नका. सभेत तीन कागद मागा. नमुना 5 ची गेल्या तीन महिन्यांची पानं, मागच्या लेखापरीक्षणाचे शक आणि त्यांचं अनुपालन, आणि ई-ग्रामस्वराजवर गेल्या वर्षी निघालेल्या देयकांची यादी. यादी मोबाइलवरही दिसते. तिच्यातली गटार तुमच्या गल्लीत आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं. कागद मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराच्या अर्जाची फी 10 रुपये आहे. सरपंचबाई असतील तर त्यांनाच विचारा, त्यांच्या शेजारी बसलेल्यांना नको. आणि सभेला वेळेवर या. गणसंख्येसाठी गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तो लागतो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते.